साबुदाणा गेला कुठे?

वाटीत चार मोठे चमचे साबुदाणा होता आणि माझ्या भाचीला तो दिसत नव्हता.

तिनं वाटी खिडकीशी नेली. एक डोळा मिटून पाहिलं, मग दोन्ही डोळे मोठ्ठे करून पाहिलं. शेवटी चमचा बुडवून ढवळला, तेव्हा चमच्यात काहीतरी गुळगुळीत येऊन बसलं. तोंडात टाकल्यावर ते जिभेवरून सुळकन घसरलं. "मावशी, आहे गं! खरंच आहे!" ती ओरडली. तिच्या धाकट्या भावानं लगेच आपली वाटी नाकाला टेकवली आणि आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, आज एकादशी आहे का, साबुदाणा कशाला काढलात?"

एकादशी नव्हती. साबुदाणा निघाला होता एका सिनेमासाठी.

आम्ही राहतो गोरेगावात, पूर्वेला. आमच्या भागातल्या मुलांना सिनेमा म्हणजे लांबच्या गावची गोष्ट वाटत नाही. आरे कॉलनीच्या कडेला, डोंगराला टेकून, पाचशेवर एकरांत पसरलेली चित्रनगरी आहे. महाराष्ट्र शासनानं ती 1977 साली उभारली आणि पुढे तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं. स्टेशनच्या पश्चिमेला गेलात तर 1943 साली सुरू झालेल्या फिल्मिस्तान स्टुडिओच्या आठवणी सांगणारे आजोबा भेटतात. रस्त्यावरून मोठाले दिवे लादलेला टेम्पो गेला की आमच्या इमारतीतली मुलं ओळखतात, आज कुठेतरी शूटिंग आहे.

तर, पावसाच्या एका रविवारी आम्ही घरात बसून 'मिस्टर इंडिया' पाहिला. शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा 25 मे 1987 रोजी प्रदर्शित झाला. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. अरुण नावाचा एक साधा माणूस, त्याच्या घरात आईबाप नसलेली मुलं आणि मोगँबो नावाचा भयंकर खलनायक. अरुणच्या शास्त्रज्ञ वडिलांनी एक यंत्र बनवलेलं असतं. ते मनगटावर बांधून बटण दाबलं की माणूस गायब! फक्त लाल प्रकाशात तो दिसतो. आणि या घरात स्वयंपाक करायला असतो कॅलेंडर. सतीश कौशिक यांनी हे काम इतकं झकास केलंय की माझी भाची अजून त्याच्यासारखी कंबरेवर हात ठेवून चालते.

सिनेमा संपला आणि भूक लागली. भाची म्हणाली, "मावशी, कॅलेंडरनं मिस्टर इंडियासाठी सूप केलं असतं तर ते कसं असतं?"

"दिसलंच नसतं!" धाकटा म्हणाला.

हे वाक्य ऐकलं आणि मी उठून कपाटातला साबुदाण्याचा डबा काढला.

आधी पाण्याबद्दल थोडं सांगते, कारण सूप म्हणजे मुख्यतः पाणीच. आपल्या नळाला येणारं पाणी किती आरपार दिसतं! गोरेगावच्या जुन्या माणसांना मात्र ते सहज मिळालेलं नाही. इथे मृणाल गोरे नावाच्या लढाऊ बाई होत्या. वस्त्यांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणून त्या इतक्या भांडल्या की लोक त्यांना प्रेमानं 'पाणीवाली बाई' म्हणत. आज आपल्याकडे येणारं पाणी तलावांतून भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. पावसाळ्यात हे पाणी गढूळ असतं. मातीचे अगदी बारीक कण त्यात तरंगत असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे उडतो. तुमची आजी पूर्वी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची ना? तुरटीमुळे ते कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. कण गेले की प्रकाशाची वाट मोकळी होते आणि पाणी आरपार दिसायला लागतं.

सुपाचंही तेच. भाज्यांचा कोणताही तुकडा फुटून पाण्यात मिसळायला नको, नाहीतर गढूळपणा आला! म्हणून आम्ही आठ वाट्या पाणी घेतलं. त्यात एक कांदा अर्धा चिरून, गाजराचे मोठे तुकडे, कोबीचा दांडा, कोथिंबिरीच्या काड्या, आल्याचा तुकडा आणि सात-आठ मिरे घातले आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवलं. खळखळ उकळू द्यायचं नाही, कारण मग भाज्या फुटतात. (गॅसजवळचं सगळं काम मोठ्यांबरोबरच करायचं. हे मी एकदाच सांगते, पण अगदी मनापासून.) नंतर ते स्वच्छ सुती फडक्यातून गाळलं. हाती आलं फिकट सोनेरी, आरपार, घमघमणारं पाणी. मीठ घातलं, अर्ध्या लिंबाचा रस पिळला.

फ्रान्समधले आचारी यापेक्षाही नितळ सूप करतात. ते गार सुपात अंड्याचा पांढरा बलक फेटून घालतात आणि हळूहळू तापवतात. बलक घट्ट होताना सगळे बारीक कण आपल्यात अडकवून वर तरंगतो, जाळं ओढल्यासारखा. आपली तुरटी आणि त्यांचा बलक, दोघांचं काम एकच! फक्त तुरटी कण घेऊन खाली जाते आणि बलक वर येतो.

आता साबुदाणा. पहिल्या खेपेला मी तो खिचडीसाठी भिजवतो तसा भिजवला आणि थेट सुपात शिजवला. त्याची पार खळ झाली. साबुदाण्यातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, सुटून सुपात मिसळलं आणि सगळं पांढुरकं, चिकट झालं. मग दुसऱ्या खेपेला वेगळं केलं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळलं, त्यात अर्धी वाटी कोरडाच साबुदाणा सोडला आणि अधूनमधून हलवत राहिले.

आता खरी गंमत सुरू होते. पातेल्यापासून जरा लांब उभं राहून पाहा. सुरुवातीला दाणे खडूसारखे पांढरे असतात. दहाएक मिनिटांत कडेकडेनं ते काचेसारखे व्हायला लागतात आणि मध्ये फक्त एक पांढरा ठिपका उरतो. जणू प्रत्येक दाण्याच्या पोटात अजून एक छोटा दाणा लपलाय! गॅस बंद करून झाकण ठेवलं की दहा-पंधरा मिनिटांत तो ठिपकाही जातो. मग चाळणीत ओतून गार पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, म्हणजे वरचा चिकटपणा निघून जातो. हे दाणे नितळ सुपात टाकले आणि सुरुवातीला सांगितली ती शोधाशोध झाली.

कोरडा साबुदाणा पांढरा का? आणि शिजल्यावर काचेसारखा का?

साबुदाणा हा कुठल्याही झाडाचा दाणा नाही. टॅपिओका नावाच्या कंदातून काढलेल्या पिष्टाच्या गोळ्या वळून तो बनवतात. तामिळनाडूतल्या सेलमच्या आसपास याचे पुष्कळ कारखाने आहेत. कंद मुळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्या उपासाच्या ताटात येऊन असा बसला की परका वाटतच नाही! तर, एका दाण्यात पिष्टाचे असंख्य सूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात आणि त्या कणांच्या फटींत हवा असते.

प्रकाश मोकळ्या जागेत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो. पाण्यात शिरला की त्याचा वेग सव्वादोन लाखांवर येतो, काचेत साधारण 2 लाखांवर. असा वेग बदलताना तिरका येणारा प्रकाश वाकतो आणि थोडासा परतही उडतो. तुम्ही शाळेत या वाकण्याला अपवर्तन म्हणता किंवा पुढे म्हणाल. कोणत्या पदार्थात प्रकाशाचा वेग किती पट कमी होतो, त्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा जवळजवळ 1, पाण्याचा 1.33, खायच्या तेलाचा सुमारे 1.47, साध्या काचेचा सुमारे 1.5.

कोरड्या दाण्यात प्रकाश शिरला की कण, हवा, कण, हवा अशा हजारो सीमा लागतात. प्रत्येक सीमेवर तो थोडा वाकतो, थोडा उडतो आणि शेवटी चहूकडे विखुरला जातो. सगळे रंग सारखेच विखुरले की आपल्याला पांढरं दिसतं. खडीसाखरेचा खडा आरपार असतो ना? तोच कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र होते. साखर तीच, सीमा मात्र हजारपटींनी वाढल्या.

शिजताना उलटं होतं. गरम पाणी आत शिरतं, पिष्टाचे कण फुगतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात. मधली हवा निघून जाते. आतल्या सीमाच पुसल्या जातात! आणि दाण्यात इतकं पाणी मुरतं की त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या अगदी जवळ येतो. मग सुपातून दाण्यात शिरताना प्रकाशाला जेमतेमच वाकावं लागतं. फारसा वाकत नाही, उडत नाही, अडत नाही. मग आपल्या डोळ्याला कळणार कसं की तिथे काही आहे? निरखून पाहिलंत तर पुसटशी कड दिसते, तेवढंच.

याचा आणखी एक पुरावा तुम्ही अनेकदा हातात धरलाय. गरम वडापाव ज्या कागदात देतात, त्या कागदावर तेल लागतं तिथे तो कागद अर्धवट आरपार दिसतो. कोरड्या कागदाच्या धाग्यांमध्ये हवा असते म्हणून तो पांढरा. तेल त्या फटींत शिरून हवेला बाहेर काढतं. तेलाचा आणि धाग्यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, म्हणून प्रकाश सुखानं पलीकडे जातो. मला विचाराल तर गोरेगाव स्टेशनबाहेरचा तो तेलकट कागद हे प्रकाशशास्त्राचं उत्तम पुस्तक आहे.

"मग शिजवलं की सगळंच गायब होतं का?" भाचीनं विचारलं. फार चांगला प्रश्न! मी तिला अंड्याची आठवण करून दिली. कच्च्या अंड्याचा पांढरा म्हणतात तो बलक आरपार असतो आणि शिजला की पांढराफेक होतो. तिथे प्रथिनांच्या गुंडाळ्या उष्णतेनं उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांच्या गाठींवर प्रकाश विखुरतो. बाजारात कोळीणबाईंच्या टोपलीतला ताजा जवळा पाहिलाय? तोही कच्चा असताना काचेसारखा आणि शिजला की गुलाबी, अपारदर्शक. आग तीच, साबुदाण्याला ती लपवते आणि जवळ्याला उघडं पाडते.

धाकट्याचं समाधान अजून झालं नव्हतं. त्याला सिनेमातला लाल प्रकाश हवा होता. त्यानं विजेरीला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला, खोलीत अंधार केला आणि सुपाच्या वाटीवर झोत टाकला. साबुदाणा दिसेना! बिचाऱ्याचा चेहरा पडला. पण विचार करा, लाल प्रकाश सुपातून जसा आरपार जातो तसाच साबुदाण्यातूनही जातो. दोघांत फरकच नाही, मग दिसणार काय?

डोळ्याला फरक हवा असतो. हे मला त्या संध्याकाळी नव्यानं पटलं. भोवतालात आणि वस्तूत काहीतरी वेगळं असलं, रंग, उजेड, प्रकाशाचं वाकणं, तरच वस्तू दिसते. आमच्या आरेच्या झाडीतला बिबट्या घ्या. तो काही काचेचा नाही, चांगला भरभक्कम आहे. पण पिवळ्या गवतात, पानांच्या ठिपक्याठिपक्यांच्या सावलीत त्याचे ठिपके असे मिसळतात की दहा पावलांवर बसलेला असला तरी कळत नाही.

तर मग आपणच फरक तयार करू या! आम्ही अर्धं बीट किसलं, थोड्या पाण्यात मिसळून फडक्यातून पिळलं. एका पसरट पांढऱ्या वाटीत थोडं सूप आणि साबुदाणे घेतले आणि वरून तो लालभडक रस सोडला, हलकेच ढवळला. आणि मुलांनो, काय सांगू! लाल सुपात एकेक दाणा उजळून वर आला, पहाटेच्या आभाळात चांदण्या दिसाव्यात तसा. इतका वेळ गायब असलेले सगळेच्या सगळे दाणे मोजता येत होते. धाकटा टाळ्या वाजवत नाचायला लागला. लाल रंगात मिस्टर इंडिया दिसला होता!

झालं असं, की बिटाचा रंग आधी सुपात पसरला. त्यानं हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतला आणि फक्त लाल मागे ठेवला. दाण्यांच्या आत मात्र रंग अजून पोचला नव्हता. त्यामुळे दाणे फिके आणि भोवताल लाल, असा फरक पडला. रंगाचे रेणू हळूहळू दाण्यात झिरपतात आणि थोड्या वेळानं दाणेही लाल होऊन पुन्हा गायब होऊ लागतात. म्हणून बिटाचा रस अगदी शेवटी, वाढताना घालायचा. रस उकळायचा नाही, उकळत राहिला तर तो सुरेख रंग तपकिरी पडतो.

लाल रंगात पकडलं जाण्याची सिनेमातली कल्पना मला पूर्वी नुसतीच मजेची वाटायची. आता तिच्याबद्दल फार आदर वाटतो. 2006 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ यांच्या गटानं खरोखरचं 'गायब करणारं' आवरण बनवलं. त्यामागचं गणित लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या जॉन पेंड्री यांचं होतं. नदीचं पाणी दगडाला वळसा घालून पुढे पुन्हा एक होतं, तशा या आवरणाभोवती सूक्ष्मलहरी वळसा घालून पुढे जात आणि आतलं तांब्याचं छोटं नळकांडं जणू तिथे नव्हतंच असं वाटे. पण हे सगळं एका ठरावीक लहरीपुरतंच! लहर बदलली की जादू संपली. म्हणजे एका लहरीत, एका रंगात गायब आणि दुसऱ्यात उघडा, ही गोष्ट वेडगळ मुळीच नाही.

निसर्गात तर याहून भारी उदाहरण आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काचबेडूक राहतात. त्यांच्या पोटाची कातडी इतकी आरपार, की आतलं हृदय धडधडताना दिसतं. पण पंचाईत एकच, रक्त लाल! पानावर झोपलेल्या बेडकाला तो लाल रंग चुगली करून पकडून देणार. 2022 साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की झोपताना हा बेडूक आपल्या रक्तातल्या जवळजवळ 89 टक्के लाल पेशी यकृतात नेऊन लपवतो. जागा झाला की त्या पुन्हा सोडतो. मिस्टर इंडियाला लाल प्रकाशाची भीती, आणि काचबेडकाला आपल्याच लाल रक्ताची!

"मिस्टर इंडियानं हे सूप प्यायलं असतं तर पोटात दिसलं असतं का?" सूप भुरकत धाकट्यानं विचारलं. हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मोठ्या लेखकाला पडला होता. एच. जी. वेल्स यांनी 1897 साली अदृश्य माणसाची कादंबरी लिहिली. त्यातला ग्रिफिन नावाचा शास्त्रज्ञ आपल्या शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करतो, साबुदाण्यानं सुपाइतका केला अगदी तसाच. पण तो जेवला की पचेपर्यंत अन्न पोटात तरंगताना दिसतं! म्हणजे आमचं बिटाचं सूप त्याच्या गळ्यातून लाल रेघ काढत उतरलं असतं. साबुदाणेसुद्धा दिसले असते, कारण ते पाण्यात लपतात, हवेत नाही. चमच्यात घेतलेला दाणा कसा चकचकीत दिसतो, आठवा.

आणखी एक अडचण आहे. पाहण्यासाठी डोळ्याच्या मागच्या पडद्यानं प्रकाश अडवावा लागतो. सगळंच आरपार झालं तर प्रकाश डोळ्यातून सरळ निघून जाईल आणि अदृश्य माणसाला स्वतःला काहीच दिसणार नाही. हे ऐकून दोघंही गप्प झाली. मग भाची हळूच म्हणाली, "मग मला नकोच गायब व्हायला."

सुपात आम्ही शेवटी मूठभर मटारही टाकले. ते छान हिरवेगार दिसत होते आणि ते तसेच दिसावेत असं मला वाटत होतं, कारण ते आमच्या चित्रनगरीला ज्यांचं नाव आहे त्या दादासाहेब फाळक्यांसाठी होते. आपला पहिला मोठा चित्रपट करण्याआधी, 1912 साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना एकेक चित्र टिपत गेले. ती चित्रं पडद्यावर सलग दाखवल्यावर वाटाण्याचं रोप लोकांच्या डोळ्यांसमोर भराभर वाढलं. इतक्या सावकाश होणारी वाढ कोणाला दिसते? फाळक्यांनी ती दाखवली. माणूस गायब करायला 'मिस्टर इंडिया'तही संगणक नव्हता. पीटर परेरा यांनी ती सगळी किमया कॅमेऱ्यातच साधली.

सूप संपलं. आजीनं दोनदा घेतलं आणि म्हणाली, "साबुदाणा कांद्याबरोबर पहिल्यांदाच खाल्ला, पण चांगला लागतो हो."

तुम्हीही घरी मोठ्यांना सोबत घेऊन हे सूप करा. पण एक काम नक्की करा. बिटाचा रस घातल्याबरोबर घड्याळ लावा आणि चमच्यानं एकेक दाणा काढून मधोमध कापून पाहा. रंग आतपर्यंत पोचायला किती मिनिटं लागली? गरम सुपात आणि गार सुपात वेगळा वेळ लागला का? आकडे वहीत लिहा आणि आम्हाला पत्रानं कळवा. आमच्या घरचा आकडा मी आत्ता सांगणार नाही. आधी तुमचा येऊ द्या.